हिरव्या छत्रीखालचा चेहरा कसा रंगवावा

छत्रीखालची सावली करड्या रंगाने भरली की चेहरा मळका दिसतो. हे टाळायचे असेल, तर स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोयाचे १७७७ मधील ‘छत्री’ हे चित्र आधी निरखून पाहावे. स्पेनच्या युवराजाच्या एल पार्दो राजवाड्यातील भोजनगृहासाठी विणायच्या भित्तिपटाचा हा तैलरंगातील नमुना आता माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. मांडीवर लहानसा कुत्रा घेऊन बसलेल्या तरुणीवर मागचा तरुण हिरवी छत्री धरतो, त्यामुळे तिचा पिवळा घागरा उन्हात झळाळतो आणि चेहरा तेवढा सावलीत राहतो.

नागपुरात हा सराव डिसेंबर-जानेवारीत, सकाळी दहाच्या सुमारास, तेलंगखेडीच्या बागेत किंवा घराच्या अंगणात करावा. मे महिन्यात रंग ब्रशवरच वाळतो. (इथल्या उन्हात तोंडावरचा स्कार्फ सोडायला मैत्रिणीला राजी करणे, हे कामाचा निम्मा भाग समजावे.) छत्री पातळ हिरव्या कापडाची असावी, कारण काळ्या छत्रीतून उजेड झिरपत नाही. पिवळा घागरा घातलेल्या मैत्रिणीला ओट्यावर बसवावे, मागून छत्री धरायला एखाद्या तरुणाला सांगावे आणि आपण जमिनीवर सतरंजी टाकून बसावे. भित्तिपट उंचावर लावायचा असल्यामुळे गोयानेही दृष्टिबिंदू खाली ठेवला आहे, आणि त्यामुळेच दोन्ही आकृती आकाशावर ठसठशीत उठून दिसतात.

रंग लावताना खरी परीक्षा चेहऱ्याची असते. प्रथम उन्हातला घागरा रंगवावा, म्हणजे सावली किती गडद हवी याचे माप मिळते. त्वचेच्या मूळ रंगात काळा मुळीच न मिसळता कपाळ व गालाच्या वरच्या भागासाठी किंचित हिरवा मिसळावा. हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या कडेला मात्र घागऱ्यावरून परतणारा उजेड पोहोचत असल्याने तिथे पिवळसर, उबदार छटा द्यावी. डोळे अर्धवट मिटून पाहिल्यास हा फरक लगेच कळतो. चेहऱ्याच्या कडा ओल्या रंगातच एकमेकींत मिसळाव्यात, तर छत्रीची कड स्पष्ट ठेवावी.

तरुणाला फार तपशील देऊ नये. चित्रातील तरुणी त्याच्याकडे न पाहता थेट आपल्याकडे पाहते, आणि प्रसंगातला खट्याळपणा, माझ्या मते, तिथेच आहे; म्हणून दोघांना एकमेकांकडे पाहत बसवू नये.