हेल्स गेटला सायकलवर जायचं तर

केनियातलं हेल्स गेट राष्ट्रीय उद्यान उणंपुरं ६८ चौरस किलोमीटरचं. पण तिथे झेब्र्यांच्या कळपाजवळून स्वतः पॅडल मारत जाता येतं, आणि ही मुभा आफ्रिकेतल्या फार थोड्या उद्यानांत मिळते. माझं चाळीसगावात सायकलचं दुकान. भाच्यानं नैरोबीला बोलावलं तेव्हा मसाई मारापेक्षा मला याचीच ओढ होती.

कागदांचं आधी उरका. २०२४पासून केनियाला व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाचा परवाना, काढावा लागतो. पीतज्वराची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, नाहीतर परतताना आपल्याच विमानतळावर अडकाल. मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ नका. आपण पंचेचाळीस डिग्रीत भाजत असतो तेव्हा तिकडे पाऊस असतो. पेरण्या आटोपून जुलै-ऑगस्टात जा. सकाळी स्वेटर लागतो, उंची एकोणीसशे मीटरच्या आसपास आहे. जळगावचे केळी वेफर्स जरूर न्या, पण स्टीलच्या डब्यात. प्लास्टिक पिशव्यांवर केनियात २०१७पासून बंदी आहे, आणि उद्यानांत २०२०पासून पाण्याची प्लास्टिक बाटलीही चालत नाही.

नैरोबीहून नैवाशा गाव साधारण नव्वद किलोमीटर. तिथून मोई साउथ लेक रोडनं जाणारी मटाटू, म्हणजे आपली काळी-पिवळी, धरा आणि हेल्स गेटच्या फाट्यावर उतरा. तिथेच भाड्याच्या सायकली लावलेल्या असतात. आता घाई करू नका.

पुढचं चाक उचलून फिरवा. रिम ब्रेकला एका जागी घासत असेल तर चाकात आऊट आहे, म्हणजे चाक वाकडं आहे, ती सायकल सोडा. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. मागचं चाक घसरत सरकलं तर ठीक, नुसतं फिरलं तर ब्रेक-शू संपलेत. पॅडल धरून आडवं हलवा, खडखड आली तर चढावर पाय दुखणार. सगळे गिअर एकदा टाकून बघा. टायरवर हात फिरवून काटे शोधा, कारण तिकडे बाभळीच्याच जातीची झाडं आहेत आणि काटे आपल्यापेक्षा लांब. पंप आणि पंक्चरचं सामान मागून घ्या, नाही म्हणाला तर पुढच्याकडे जा. सीट उंच करून घ्यायला लाजू नका. सायकलवाला पोरगा भाव जास्त सांगतो, तोही हसत. मी दुकानदार असूनही घासाघीस केली.

उद्यानाच्या एल्सा गेटवर फी ऑनलाइनच भरावी लागते, रोख घेत नाहीत. सकाळी सहाला गेट उघडतं, तेव्हाच आत शिरा. थोड्याच अंतरावर फिशर्स टॉवर हा ज्वालामुखीचा सुळका लागतो. त्याच्या पायथ्याशी हायरॅक्स नावाचे गुबगुबीत प्राणी ऊन खात बसतात. घुशीएवढे दिसतात, पण नातं हत्तीशी. पुढे दोन्ही बाजूंना लालसर कडे आणि मधे गवताळ मैदान. झेब्रे, जिराफ, रानडुकरं, थॉमसन गझेल रस्ता ओलांडत असतात. जिराफ दिसला की उतरून थांबा. घंटी वाजवू नका. रानरेडा दिसला तर मात्र म्हैस समजून जवळ जायचं नाही. वाट बघा किंवा मागे फिरा. सिंह इथे सहसा नसतात, म्हणूनच ही मुभा. खाताना बबून माकडांवर लक्ष ठेवा, माझी शेव त्यांनी आमच्यादेखत नेली.

गेटपासून सात-आठ किलोमीटरवर ओल-न्जोरोवा घळ आहे. आत चालतच जायचं, गाईड घेऊन. भिंतींतून गरम पाणी पाझरतं. अडावदजवळचं उनपदेव पाहिलेल्याला नवल वाटणार नाही, पण इथे याच जमिनीखालच्या वाफेवर ओल्कारियाच्या वीजकेंद्रात १९८१पासून वीज तयार होते. आकाश निरभ्र असलं तरी लांब डोंगरात पाऊस पडून घळीत लोंढा येतो. २०१२ आणि २०१९ साली माणसं दगावली आहेत. गाईड आत जाऊ नका म्हणाला की परत फिरा, पैसे गेले तरी चालतील.

येताना रस्ता हलका चढाचा आहे आणि ऊन डोक्यावर असतं. निम्मं पाणी परतीसाठी राखा. गेट संध्याकाळी सहाला बंद होतं, पण चारपर्यंत फाट्यावर पोहोचलात तर अंधार पडायच्या आत नैवाशाची मटाटू मिळते. सायकलचं उरलेलं भाडं तिथे परत गेल्यावरच द्या.