नवीन एअरसॉफ्ट गन आणलीय? पहिल्या दिवशी एवढं सेटिंग करूनच घ्या

नवीन एअरसॉफ्ट गन, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे मारणारी खेळायची गन, हातात आली की पहिला मोह कसला होतो तर बॅटरी लावायची, मॅगझिन भरायचं आणि ऑटोवर (ट्रिगर दाबून धरला की सलग छर्रे) टाकून धडाधड रिकामं करायचं. मी पण तेच केलं होतं, आणि मग दोन आठवडे भेटेल त्याला सांगत फिरलो की गन भंगार निघाली, छर्रे वाट्टेल तिकडे जातात. गनला काही धाड भरली नव्हती. बॅरलमध्ये फॅक्टरीचं तेल-ग्रीस तसंच होतं, हॉप-अप (छर्र्याला उलटी फिरकी देणारं रबर) शून्यावर होता आणि छर्रे भरले होते सगळ्यात हलके, बॉक्समध्ये फुकट आलेले. दीड-दोन तासांचं काम, तेच मी टाळलं होतं. म्हणून म्हणतो, नवीन बॅरल, नवीन स्प्रिंग असली शॉपिंग सुरू करायच्या आधी जे आहे तेच नीट लावून बघा.

खालचं सगळं बॅटरीवर चालणाऱ्या रायफलच्या हिशोबाने लिहिलंय, जिला सगळे एईजी म्हणतात, कारण नवीन माणूस बहुतेक वेळा तीच घेतो. टोक्यो मारुई या जपानी कंपनीने १९९१ मध्ये फामास रायफलसारखी पहिली एईजी काढली तेव्हापासून आतली गंमत साधारण तीच आहे: मोटर गिअर फिरवते, गिअर पिस्टनला मागे ओढतात, स्प्रिंग दाबली जाते, पिस्टन सुटतो आणि हवेच्या धक्क्याने छर्रा बाहेर. गॅसवाल्यांसाठी शेवटी थोडं लिहिलंय.

आधी डोळे

गॉगल घाला. बाकी वाचा नंतर. साधा नंबरचा चष्मा किंवा उन्हाचा गॉगल चालत नाही, एअरसॉफ्टसाठी बनवलेला आणि चारही बाजूंनी बंद असलेला हवा, त्यावर एएनएसआय झेड ८७.१ किंवा ईएन १६६ असं काहीतरी रेटिंग छापलेलं असतं ते बघून घ्या. "एकच तर छर्रा मारून बघतोय" म्हणून गॉगल न घालणाऱ्यांना सांगतो, छर्रा भिंतीवर आपटून सरळ तोंडावर परत येतो, आणि तो एकच पुरतो.

दुसरी सवय आत्ताच लावून घ्या, गन रिकामी करायचा क्रम. आधी मॅगझिन काढायचं, मग सुरक्षित दिशेला सेमीवर (एका दाबाला एकच छर्रा) दोन-तीनदा ट्रिगर दाबायचा, मग गन सेफवर, म्हणजे ट्रिगर लॉक. मॅगझिन काढलं म्हणजे गन रिकामी झाली असं नसतं, एखादा छर्रा हॉपच्या रबरात अडकून बसलेला असतो आणि तो नेमका गाफील असताना सुटतो. बॅरलमध्ये डोकावून बघणं तर कधीच नाही, बॅटरी काढलेली असली तरी नाही.

बॅरल पुसणे

बॉक्समध्ये एक लांब बारीक काडी मिळते, तिच्या टोकाला सुईला असतं तसं नेढं असतं. बरेच जण ती पॅकिंगसोबत फेकून देतात. जुन्या सुती टी-शर्टची बोटभर रुंद पट्टी कापा, नेढ्यातून ओवा आणि काडीभोवती अशी गुंडाळा की प्लास्टिक कुठे उघडं राहणार नाही. हॉप-अप पूर्ण बंद करा, नाहीतर पट्टी आतल्या रबराला घासते. आता बॅरलच्या तोंडातून काडी आत घाला, गोल फिरवत फिरवत बाहेर काढा. पहिली पट्टी काळपट-पिवळी येते, चिकट. दुसरी कमी. तिसरी-चौथी जवळपास पांढरी आली की झालं. पट्टी जाता जात नसेल तर जाड झालीय, जोर लावू नका, बारीक करा.

तेलाचा मोह इथे आवरायचा. बॅरल कोरडंच हवं. घरात कुरकुरणाऱ्या बिजागरीवर मारायचा जो स्प्रे असतो तो तर अजिबात नको, पेट्रोलियमवाली तेलं रबर खराब करतात. आणि सिलिकॉन तेल रबराला चालतं म्हणून बॅरलमध्ये मारलं तरी पंचाईतच, कारण हॉपचं रबर छर्र्याला पकडूच शकत नाही, सगळा खेळ त्या पकडीवर आहे.

बॅटरी

लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) घेतली असेल तर ७.४ व्होल्टच्या बॅटरीने सुरुवात करा. ११.१ ने गन फास्ट चालते हे खरं, पण आत मॉस्फेट (करंट सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) नसेल तर ट्रिगरचे कॉन्टॅक्ट जळत जातात आणि गिअरबॉक्सवर लोड येतो तो वेगळाच. चार्जर लिपोचाच, बॅलन्स मोडवर, म्हणजे सगळे सेल सारखे चार्ज होतात. १३०० एमएएचची बॅटरी असेल तर १.३ अँपिअरवर लावा, घाई नको. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला फुल होतो, म्हणजे दोन सेलची ७.४ वाली चार्ज झाल्यावर ८.४ दाखवते, घाबरू नका. खाली मात्र सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही, ट्रिगर दाबल्यावर गन आळसावल्यासारखी वाटायला लागली की थांबायचं. चार्जिंगला लावून झोपायचं नाही, गादीवर-सोफ्यावर ठेवून चार्ज करायची नाही, आणि फुगलेली बॅटरी "अजून चालतेय की" म्हणून वापरायची नाही.

वायर बसवताना जरा जीव लावा. स्टॉकच्या (खांद्याला टेकतो तो मागचा भाग) नळीत किंवा हँडगार्डमध्ये (पुढचा हाताने धरायचा भाग) जागा इतकी कमी असते की झाकण जबरदस्तीने बंद केलं की वायर चिमटली जाते, मग इन्सुलेशन कापलं जातं आणि शॉर्ट. आधी बॅटरी, मग वायर तिच्या बाजूने, मग कनेक्टर, आणि झाकण बोटाने बंद होत नसेल तर काढून परत.

आता मॅगझिन न लावता सेमीवर चार-पाच वेळा ट्रिगर दाबा आणि कान देऊन ऐका. एकसारखा टक-टक आवाज हवा. किंचाळल्यासारखा किंवा घरघर आवाज येत असेल तर ग्रिपच्या तळाशी मोटरची उंची कमीजास्त करायचा स्क्रू असतो, तो पाव-पाव फेरा फिरवून बघतात. पण आवाज बरा असेल तर त्या स्क्रूला हात लावू नका, उगाच चांगलं चाललेलं बिघडवण्यात अर्थ नाही.

छर्रे कोणते

सगळे छर्रे ६ मिमीचेच, फरक वजनाचा. ०.२० ग्रॅम सगळीकडे मिळतात आणि वेग मोजायचा तर याच वजनावर मोजतात, पण खेळायला ०.२५ किंवा ०.२८ घ्या. लोकांना वाटतं जड छर्रा म्हणजे हळू, म्हणजे वाईट. हळू आहे, पण बघा: ०.२० चा छर्रा सेकंदाला १०० मीटर म्हणजे ३२८ एफपीएसने (फूट प्रति सेकंद) निघाला तर ऊर्जा बरोबर १ जूल. तेवढीच ऊर्जा ०.२५ ला दिली तर वेग साधारण ८९ मीटर, २९३ एफपीएस. सुरुवातीला मागे पडतो, पण जड असल्यामुळे हवेत वेग कमी गमावतो आणि वाऱ्याने कमी भरकटतो, त्यामुळे लांबवर तोच जास्त कामाचा. मैदानावर लिमिट एफपीएसमध्ये सांगितली तर "कुठल्या वजनावर?" हे विचारून घ्या, वजनाशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही.

जमिनीवर पडलेले छर्रे उचलून परत भरायचे नाहीत. धुऊन पण नाही. एक ओरखडा किंवा मातीचा एक कण आणि बॅरल जॅम.

हॉप-अप, इथे वेळ द्या

पूर्ण लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. बॅरलच्या सुरुवातीला वरच्या बाजूने रबराचा छोटासा उंचवटा खाली आलेला असतो, छर्रा त्याच्या खालून जाताना वरून घासला जातो आणि उलटा फिरत बाहेर पडतो. उलट्या फिरकीने वरची हवा जोरात पळते, खालची अडते आणि छर्र्याला वर उचल मिळते. मॅग्नस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५२ च्या सुमारास याचा अभ्यास केला, म्हणून मॅग्नस इफेक्ट. फिरकी नसेल तर छर्रा थोडं जाऊन सरळ जमिनीकडे वाकतो.

एम४ टाइपच्या गनला चार्जिंग हँडल मागे ओढलं की बाजूची खिडकी उघडते आणि आत हॉपचं चाक किंवा डायल दिसतं. एके टाइपला पण साधारण तिथेच, वरचं हँडल ओढून.

मोकळी जागा हवी, निदान ४० मीटर, मागे कोणी नको, आणि शक्यतो वारा पडलेला. सूर्य पाठीशी असेल तर पांढरा छर्रा उडताना मस्त दिसतो. हॉप शून्यावर आणा, ज्या वजनाचे छर्रे खेळायला वापरणार तेच भरा आणि सेमीवर पाच छर्रे मारा, खांद्याच्या उंचीवरून, गन जमिनीला समांतर धरून. पाचही लवकर वाकून पडतील. आता डायल थोडं फिरवा, एक क्लिक, परत पाच. मग एक क्लिक, परत पाच. हळूहळू छर्रा लांब जाताना दिसतो, आणि एका क्षणी असं होतं की तो बराच वेळ दोरी ताणल्यासारखा सरळ जातो, शेवटी किंचित उचलल्यासारखा होतो आणि मग पडतो. ते तुमचं सेटिंग. त्याच्या पुढे गेलात तर छर्रा मध्येच आकाशाकडे झेपावतो, ते जास्त झालं, मागे या. मागे येताना एक-दोन क्लिक जास्तच मागे जाऊन परत पुढे या, चाकात थोडा सैलपणा असतो म्हणून.

एका छर्र्यावरून निर्णय घ्यायचा नाही हे परत सांगतो, पाच तरी बघा. आणि एकाला मागे उभं करा (गॉगल घालूनच), कारण मारणाऱ्यापेक्षा मागून बघणाऱ्याला वाट जास्त स्पष्ट दिसते.

छर्रे सतत उजवीकडे किंवा डावीकडे वळत असतील तर गनला शिव्या द्यायच्या आधी स्वतःकडे बघा. तुम्ही गन किंचित तिरकी धरताय का? गन उजवीकडे कलली की फिरकीची उचल पण उजवीकडे कलते आणि छर्रा तिकडेच वळतो. माझ्या एका मित्राने यासाठी अख्खं हॉप युनिट बदललं, आणि खरा प्रॉब्लेम असा होता की मास्कमुळे त्याचा गाल स्टॉकला टेकत नव्हता म्हणून तो मान वाकवून गन कलती करून नेम धरायचा. गन सरळ असून पण वळत असेल तर मग रबर वाकडं बसलंय किंवा त्याला तेल लागलंय, परत एकदा पुसून बघा.

नवीन रबर काहीशे छर्रे गेल्यावर जरा मुरतं, तेव्हा पहिल्या दिवशी लावलेलं सेटिंग आठवड्याने हललेलं दिसेल. थंडीत रबर कडक होतं तेव्हा पण. छर्र्याचं वजन बदललं की तर नव्याने लावायचंच, जड छर्र्याला हॉप जास्त लागतो.

नेम

हॉप लागल्याशिवाय साइटला (नेम धरायचं साधन) हात लावायचा नाही, कारण हॉप बदलला की छर्रा लागायची जागा बदलते आणि तुम्ही दोन्हीच्या मागे फिरत बसता. साधारण २५-३० मीटरवर मोठा पुठ्ठा उभा करा, मध्ये खूण, गन कशावर तरी टेकवून पाच छर्रे. त्या पाचांचा मध्य कुठे आहे ते बघून सरकवा. रेड डॉटला (आत लाल ठिपका दिसतो ती साइट) स्क्रूवर बाण असतो, बाणाच्या दिशेने फिरवलं की छर्रा त्या बाजूला लागतो. लोखंडी साइटला मागची साइट जिकडे हलवाल तिकडे छर्रा जातो, पुढचीचं बरोबर उलटं. अगदी जवळ मारलं तर छर्रा नेमापेक्षा खाली लागेल, साइट बॅरलच्या काही सेंटीमीटर वर बसलेली असते म्हणून, त्यात बिघाड काही नाही.

स्टॉकची लांबी मास्क घालून ठरवा, आरशासमोर टी-शर्टवर नाही. डोळा साइटपर्यंत खाली येत नसेल तर साइटखाली उंच माउंट लावा, मान मोडून घेऊ नका.

गॅसवाल्यांसाठी थोडक्यात

मॅगझिन उलटं, गॅसची बाटली पण उलटी, सरळ दाबून भरा. ग्रीन गॅस म्हणजे मुळात प्रोपेन आणि त्यात थोडं सिलिकॉन तेल, म्हणजे भरताना जवळपास आग किंवा सिगरेट नको. थंडीत प्रेशर पडतं, मॅगझिन खिशात ठेवून कोमट करा, हीटरवर किंवा गरम पाण्यात अजिबात नाही. ठेवताना थोडासा गॅस आत राहू द्या म्हणजे सील वाळत नाहीत. हॉप लावायची पद्धत तीच, फक्त चाक बहुतेक पिस्तुलांत स्लाइड काढल्यावर बॅरलखाली सापडतं.

ठेवताना

मॅगझिन काढा, रिकामी करा, आणि शेवटचा ट्रिगर सेमीवरच दाबा. ऑटोवर थांबलात तर पिस्टन अर्ध्यात अडकून स्प्रिंग दाबलेली राहू शकते, सेमीच्या एका शॉटने तो पुढे येऊन बसतो. मग बॅटरी काढा, नुसती अनप्लग नाही, बाहेर काढा, आणि आठवडाभर लागणार नसेल तर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवा, चार्जरला स्टोरेज मोड असतो. हॉप शून्यावर आणायच्या आधी किती क्लिक होते ते मोजून मोबाइलमध्ये लिहा, छर्र्याच्या वजनासकट. गन बॅगेत, चेन लावून. लांबून ही खरीच दिसते, त्यामुळे नारिंगी टोक काढायचं नाही आणि रस्त्यात, गाडीत, बाल्कनीत बॅगेबाहेर काढायची नाही, फोटोसाठी पण नाही.