घरच्या घरी बोटांचे ठसे घ्या आणि बघा, शरीर घडताना योगायोगाचा वाटा किती असतो

आपल्याकडे बाळ जरा वेगळं जन्माला आलं की सगळे आईकडे बघतात. आमच्या घरात एका बाळाचा वरचा ओठ दुभंगलेला होता, तर त्याच्या आईला बाळंतपणाच्या खाटेवरच ऐकावं लागलं की ग्रहणात सुरी हातात धरली असशील, आणि मला तेव्हा काही बोलता आलं नाही. आता बोलता येतं. शरीर घडताना बरंच काही नुसत्या योगायोगाने ठरतं, आणि तो योगायोग प्रत्येकाच्या बोटांवरच दिसतो म्हणून हे लिहितेय, मुलांना घेऊन करा, अर्धा तास पुरतो.

साधी पेन्सिल, पांढरा कागद आणि पारदर्शक सेलोटेप घ्या. हात साबणाने धुवून नीट कोरडे करा. एका कागदावर पेन्सिल घासून घासून रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग करा, त्यावर बोटाचं टोक फिरवा, मग टेपचा तुकडा बोटावर हलकेच दाबून काढा आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा. जोरात दाबलं तर रेषा एकमेकीत मिसळतात, पहिले दोनतीन ठसे बिघडणारच. भांडी, शेती, बांधकाम यात ज्यांचे हात झिजलेत त्यांचे ठसे पुसट येतात (रेशनच्या मशीनवरही हाच त्रास होतो), त्यांनी दोनदा करून बघा. डाव्या अंगठ्याशेजारी उजवा अंगठा, तर्जनीशेजारी तर्जनी असं लावा, आणि मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघा.

आधी आकार बघा. गोल गोल फिरलं असेल तर चक्र, वळून परत त्याच बाजूला गेलं तर शंख, आणि नुसती कमान असली तर ती सगळ्यात कमी जणांना असते. हा ढोबळ आकार बराचसा जनुकांमुळे ठरतो. पण खरी गंमत पुढे आहे, एखादी रेषा कुठे मधेच थांबते, कुठे तिला फाटा फुटतो ते पेनाने खुणा करत मोजा. डाव्या आणि उजव्या अंगठ्याच्या खुणा कधीच जुळणार नाहीत. जनुकं तीच, आई तीच, गर्भाशय तेच, तरी दोन अंगठे वेगळे!

असं का होतं? या रेषा गर्भात साधारण 10व्या आठवड्याच्या पुढे उमटायला लागतात. अ‍ॅलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने 1952 साली एक कल्पना मांडली होती, की रेषा वाढवणारे आणि रेषा दाबणारे रासायनिक संदेश पसरत गेले की आपोआप पट्टे तयार होतात, आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात बोटांवर हेच घडतं असं दिसलं. बोटाच्या मधोमध, नखाजवळ आणि पेराच्या घडीपाशी अशा तीन ठिकाणांहून रेषांच्या लाटा निघतात आणि एकमेकींना भिडतात. लाट किंचित आधी निघाली, पेशी जरा इकडेतिकडे झाल्या, की फाटा दुसरीकडे. हे बारकावे कुठेच लिहून ठेवलेले नसतात.

ओळखीत एकसारखी जुळी असतील तर त्यांचेही ठसे घ्या, आकार बऱ्याचदा सारखे येतील पण खुणा नाहीत. डोळ्यातल्या बुबुळाच्या नक्षीचंही तसंच, म्हणून तर आधारला दहा बोटं आणि दोन्ही डोळे घेतात आणि जुळ्यांनाही वेगवेगळं ओळखता येतं. अमेरिकेत टेक्सासला 2001 मध्ये एका तिरंगी मांजरीचं क्लोन (तिच्याच जनुकांची हुबेहूब प्रत) केलं तर पिल्लाच्या अंगावर केशरी रंगच आला नाही, कारण हा रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी कुठलं एक्स गुणसूत्र बंद व्हायचं ते सुरुवातीला नशिबावर असतं.

आता ओठाचं. चेहऱ्याचे दोन्हीकडचे भाग गर्भाच्या दुसऱ्या महिन्यात पुढे येऊन जोडले जातात आणि त्याला वेळ फार थोडा असतो. यात जनुकं असतात, तंबाखूने धोका वाढतो, काही औषधंही कारण असतात, म्हणून दिवस राहायच्या आधीपासून डॉक्टरांना विचारून फॉलिक अ‍ॅसिड घ्याच. पण सगळं नीट सांभाळूनही होतं, आणि एकसारख्या जुळ्यांतही कितीदा एकाचाच ओठ दुभंगलेला असतो. ग्रहण आणि सुरी यात कुठेच बसत नाही. त्या आईला हे स्पष्ट शब्दांत सांगा, घरातल्या मोठ्यांसमोर सांगा, आणि बाळाला प्लास्टिक सर्जनकडे न्या. ओठाचं ऑपरेशन साधारण 3 ते 6 महिन्यांच्या वयात होतं.

ठसे बघून मुलाची बुद्धी आणि करिअर सांगतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका, त्याला शास्त्राचा आधार नाही. ठशांचे फोटो ग्रुपवर टाकू नका, नकली ठशांनी खात्यातून पैसे काढल्याचे प्रकार झालेत. कागदावर तारीख आणि बोटाचं नाव लिहून वहीत ठेवा आणि पाच वर्षांनी मुलांचे ठसे परत घ्या, फाटे जिथल्या तिथेच सापडतील, फक्त रेषांमधलं अंतर वाढलेलं असेल.