उन्हाळ्याच्या तोंडावर चिलापीचे खाद्य सुरू करा, नाहीतर ती अंड्यांवर येईल

फेब्रुवारीत पठारावरच्या शेततळ्यांचे पाणी दुपारी तापू लागते आणि २२-२४ अंशांच्या पुढे चिलापी, म्हणजेच टिलापिया, अंड्यांवर येते. थंडीत ज्यांनी खाद्य बंद ठेवले त्यांनी आजच तळ्यावर जावे, कारण पंधरवडा गेला की हातात फारसे काही उरत नाही.

दरवर्षी नुकसान होते ते एकाच हयगयीमुळे. डिसेंबरात मासा खाद्याला वर येत नाही, म्हणून पोते बांधून ठेवले जाते आणि मासा शेवाळावर निभावेल असे धरून दीड-दोन महिने तळ्याकडे कोणी फिरकत नाही. मासा निभावतो, पण वाढत नाही. वय मात्र पुढे सरकते. चिलापी प्रजननासाठी वजनाची वाट पाहत नाही. उपासमारीत आणि दाटीत ती ३०-५० ग्रॅमवरही पक्व होते, आणि त्यानंतर मिळालेले खाद्य मांसाऐवजी अंड्यांकडे वळते.

चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते, म्हणून फेकजाळ्यात आलेल्या लहान मादीचा जबडा हलकेच उघडून पाहावा. आत मोहरीहून मोठी, पिवळसर अंडी दिसली, तर पिल्ले मोकळी होईपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, ती जवळजवळ काहीच खाणार नाही असे समजावे. उबदार पाण्यात तीच मादी महिना-दीड महिन्याने पुन्हा अंडी धरते आणि तुम्ही टाकलेले खाद्य विकता न येणारी पिल्ले खातात.

नॉर्वे-स्कॉटलंडच्या सॅल्मन पालनात चित्र वेगळे आहे. तिथे हिवाळ्याअखेर अंगात साठलेली चरबी मासा त्या वर्षी पक्व होणार की नाही हे ठरवण्यात मोठा वाटा उचलते, म्हणून थंडीत खाद्य आवरल्यास व पिंजऱ्यांवर रात्री दिवे ठेवल्यास कमी मासे लवकर पक्व होतात. हे गणित ऐकून चिलापीला उपाशी ठेवू नये. तिच्या बाबतीत उपासाचा परिणाम नेमका उलटा होतो.

खाद्याचे प्रमाण माशाच्या एकूण वजनावर ठरवावे. ५० ग्रॅमच्या आसपास रोज ४ टक्के, १०० ग्रॅमला ३ टक्के आणि २५० ग्रॅमच्या पुढे २ टक्के पुरेसे होते. ५० ग्रॅमचे २,००० मासे असतील, तर रोजचे खाद्य ४ किलो. पाणी २० अंशांखाली असेल तर निम्मे द्यावे, पण बंद करू नये. बोटुकलीला (बोटाएवढ्या पिल्लांना) सुमारे ३२ टक्के व पुढे २८ टक्के प्रथिनांचे तरंगते खाद्य घ्यावे. माझा अनुभव असा की धुक्याच्या दिवशी सकाळचे खाद्य वाया जाते आणि दुपारी २ ते ४ च्या दरम्यान दिलेले पुरते संपते. याला कागदावरचा आधार मी दाखवू शकत नाही, पण तुम्ही करून पाहावे.

दुकानात या दिवसांत ‘वाढीचे टॉनिक’ आणि ‘लिव्हर टॉनिक’ पुढे केले जाते. उपाशी माशाला टॉनिक नको, खाद्य हवे. त्याच पैशांत ताजी शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा येतो. मात्र पेंडीला बुरशीचा वास असेल तर ती घेऊ नये. सगळी पिल्ले नर करण्याचे संप्रेरक तर तळ्यात कधीही वापरू नये. ते काम बीज केंद्राचे आहे: पिल्ले खायला लागल्यापासून २१ ते २८ दिवस, किलो खाद्यात ६० मिलिग्रॅम. त्यानंतर त्याचा उपयोग नाही.

नेहमीची कामे:
- पंधरवड्याला नमुना जाळे, वजनाची नोंद
- सकाळी प्राणवायू ४ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर
- सामू ६.५ ते ८.५
- सांडव्याला बारीक जाळी
- चिलापी पालनाला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी, पुढच्या वेळी एकलिंगी नर बीज

तळ्यात पिल्ले दिसू लागली असतील, तर खाद्य वाढवून ती चूक भरून निघत नाही. जाळे ओढावे, ५० ग्रॅमच्या पुढचे मासे हाताने तपासावेत (गुदद्वारामागे नराला एक छिद्र असते, मादीला दोन) आणि माद्या याच आठवड्यात बाजारात काढाव्यात. उरलेली पिल्ले आवरण्यासाठी थोडी मरळ सोडता येते, पण ती तळ्यातल्या नरांहून लहान असावी, नाहीतर ती त्यांनाच खाईल.