उपग्रह प्रतिमेवर रस्त्यावरचे गुन्हे कसे अभ्यासावेत

उपग्रहाला चोर दिसत नाही. सेंटिनेल-२ हा युरोपचा उपग्रह डोक्यावरून जातो तेव्हा सकाळचे साधारण साडेदहा वाजलेले असतात. लूटमार करणारे तेव्हा बहुधा झोपलेले असतात. प्रतिमेत दिसते ती जागा: झाडी, पडीक भूखंड, इमारतींची दाटी, रस्त्यांची वीण. गुन्ह्याची नोंद दुसरीकडून आणायची आणि या जागेवर बसवायची. सगळी मेख त्या बसवण्यात आहे, आणि बहुतेक मार्गदर्शक नेमके तेच एका ओळीत उरकतात.

१. प्रश्न अरुंद करा. पाकीटमारी आणि जबरी चोरी एकाच नकाशावर टाकू नका. पाकीटमाराला गर्दी लागते, लुटणाऱ्याला एकांत. दोन्ही एकत्र केले की एकाचा परिणाम दुसऱ्याला खोडतो आणि हाती काहीच लागत नाही.

२. प्रतिमा घ्या. सेंटिनेल-२ फुकट आहे, १० मीटरचा पिक्सेल पुरेसा आहे. जुनी वर्षे हवी असतील तर अमेरिकेचा लँडसॅट, ३० मीटर. ढग नसलेली आणि गुन्ह्यांच्या नोंदी ज्या काळातल्या आहेत त्याच काळातली प्रतिमा निवडा. बँड ८ (अवरक्त) आणि बँड ४ (लाल) वरून एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाई मोजणारा निर्देशांक, काढला की हिरवाईचा थर तयार.

३. आता बिंदू, म्हणजे गुन्ह्यांची नकाशावरची ठिकाणे. इथे मी दोनदा आपटलो आहे.

पहिल्यांदा माझ्या नकाशावर एक जागा लालभडक आली. खूश होऊन मी त्यावर दोन पाने लिहूनही टाकली. मग झूम केले. दोनशेहून जास्त गुन्हे हुबेहूब एकाच अक्षांश-रेखांशावर, आणि ती जागा म्हणजे पोलीस ठाण्याचे छप्पर. घटनास्थळाचा पत्ता सापडला नाही की नोंद ठाण्याच्याच पत्त्यावर ढकलली जात होती. तेव्हापासून काहीही करण्याआधी मी तक्ता अक्षांश-रेखांशानुसार लावतो, सर्वाधिक वेळा आलेल्या वीस जागा काढतो आणि प्रत्येक जागा प्रतिमेवर डोळ्यांनी पाहतो. ठाणे, रुग्णालय, पिनकोडचा मध्यबिंदू, लांबलचक रस्त्याचा मधलाच कुठला तरी ठिपका हे सगळे तिथे सापडतात. त्या नोंदी बाजूला काढा. अर्धा तास लागतो.

दुसरी चूक जास्त लबाड होती. सगळीकडे सल्ला मिळतो: बिंदूखालच्या पिक्सेलची किंमत उचला, शहरात तेवढेच यादृच्छिक बिंदू टाका आणि तुलना करा. मी तसेच केले. जिथे हिरवाई कमी तिथे गुन्हे जास्त, असा सुंदर निष्कर्ष निघाला. तो खोटा होता. पत्त्याचा बिंदू करणारे सॉफ्टवेअर अनेकदा तो रस्त्यावर नेऊन ठेवते, म्हणजे गुन्ह्याखाली जवळजवळ नेहमी डांबर. यादृच्छिक बिंदू मात्र बागेत, टेकडीवर, तळ्याकाठी कुठेही पडतात. मी गुन्ह्यांची तुलना हिरवाईशी करतच नव्हतो, रस्त्याची तुलना बागेशी करत होतो. हा सल्ला कुठेही दिसला तर तो लेख तिथेच बंद करा.

त्यात बिंदू मुळातच जागचा नसतो. ब्रिटनच्या पोलिसांच्या खुल्या नोंदींत प्रत्येक घटना जवळच्या ठरावीक नकाशाबिंदूवर सरकवलेली असते, कोणाचे घर ओळखू येऊ नये म्हणून. शिकागोच्या नोंदींत पत्ता फक्त ब्लॉकपर्यंतच दिलेला असतो. अशा बिंदूखालचा १० मीटरचा पिक्सेल वाचणे म्हणजे फूटपट्टीने धुके मोजणे.

म्हणून एकक रस्त्याचा तुकडा धरा, एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचा. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातून रस्ते घ्या, चौकांवर तोडा, प्रत्येक तुकड्याभोवती ३० मीटरचा बफर, म्हणजे पट्टा, काढा आणि त्यातल्या एनडीव्हीआयची सरासरी त्या तुकड्याला द्या. गुन्हे जवळच्या तुकड्याला जोडा. आता ज्या तुकड्यावर गुन्हा नाही तोही रस्ताच आहे, तुलना सरळ झाली. थेट चौकावरचे गुन्हे कोणत्याही एका बाजूला ढकलू नका, चौक हे वेगळे एकक ठेवा. आणि बफरआधी थर मीटरच्या प्रक्षेपात, म्हणजे त्या भागाच्या यूटीएममध्ये न्या. ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे अंशांत मोजणाऱ्या अक्षांश-रेखांशांत, ३० लिहिलेत तर ३० अंशांचा बफर निघतो आणि त्यात अर्धा खंड मावतो.

५०० मीटरचे चौकोन सोपे पडतात, पण मला ते अजिबात पटत नाहीत. मिनियापोलिसवरच्या १९८९ च्या प्रसिद्ध अभ्यासात पोलिसांना आलेले निम्मे फोन शहरातल्या ३.३ टक्के जागांवरून आले होते. एक गल्ली तापलेली आणि शेजारची शांत असते. चौकोन दोघींना एकच रंग देतो.

शेवटची कसोटी: सगळे बिंदू यादृच्छिक दिशेने ५० मीटरपर्यंत हलवा आणि हिशेब पुन्हा करा, असे शंभर वेळा. त्यात निष्कर्ष टिकला नाही तर तो तुमच्या हाती कधी नव्हताच.

४. रात्रीचे दिवे. व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या संवेदकाच्या प्रतिमा दिसायला मोहक, पण मासिक थराचा पिक्सेल जवळपास अर्ध्या किलोमीटरचा असतो आणि उपग्रह येतो रात्री दीडच्या सुमारास. संध्याकाळी आठच्या लुटीबद्दल तो काय सांगणार? शिवाय हा संवेदक रात्री ५०० ते ९०० नॅनोमीटरमध्येच पाहतो. एलईडीचा निळा प्रकाश त्याला दिसत नाही, त्यामुळे सोडियमचे दिवे काढून पांढरे लावले की रस्ता उजळूनही प्रतिमेत मंद झालेला दिसू शकतो. गल्लीच्या अभ्यासाला हा थर वापरू नका. खांबांची यादी मिळवा.

५. गुन्ह्यांचा दर काढताना भागायचे कशाने? रहिवाशांच्या संख्येने नाही. बाजारपेठेत राहतात थोडे, वावरतात हजारो. तिथला दर उगाच फुगतो. दिवसभराच्या वावराचा अंदाज मिळाला तर तो वापरा, नाहीतर दर काढूच नका, नुसती संख्या द्या. हेही लिहा की नकाशावर आहेत ते नोंदवलेले गुन्हे. जिथले लोक तक्रारच करत नाहीत, ती गल्ली तुमच्या नकाशावर सज्जन दिसते.

६. नकाशा देताना बिंदू देऊ नका, तुकडे द्या.

त्याआधी सर्वांत वरच्या दहा तुकड्यांवर पायी जाऊन या, एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर. माझ्या यादीतला एक तुकडा भरपूर हिरवा होता आणि तरीही गुन्ह्यांत वर. आठवडाभर मी गणितातच चूक शोधत बसलो. जाऊन पाहिले तर दुतर्फा मोठी झाडे, खांब जागेवर, दिवेही चालू, पण फांद्या दिव्यांच्या खालपर्यंत उतरलेल्या. सगळा उजेड पानांच्या आत अडकला होता आणि फुटपाथवर समोरच्याचा चेहरा दिसत नव्हता.