मिकी मँटलची कार्डं जमवताय? फूटपट्टी जवळ ठेवा

न्यूयॉर्क यँकीजच्या मिकी मँटल या बेसबॉलपटूचं १९५२चं टॉप्स कंपनीचं कार्ड (क्रमांक ३११) २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. त्याचा नाद सोडा. गंमत म्हणजे ते त्याचं पहिलं कार्डही नव्हे, पहिलं १९५१चं बोमन कंपनीचं. तरी ३११ कुठे स्वस्तात दिसलंच, तर आधी उंची मोजा: अस्सल कार्ड पावणेचार इंच, १९८३चं पुनर्मुद्रण साडेतीन.

सुरुवात टॉप्सच्याच १९६९च्या कार्ड क्रमांक ५००पासून करावी. आडनाव पिवळ्या अक्षरांत असलेलं घ्या. पांढऱ्या अक्षरांचं दुर्मीळ, म्हणून महाग. कोपरे भिंगातून बघा. संशयास्पद धारदार कड म्हणजे बहुधा कुणीतरी कातरलेली. घरी आणल्यावर आधी मऊ स्लीव्ह (पातळ प्लास्टिकची पिशवी), मग टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं पाकीट). रबरबँड अजिबात नको.