लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर फुटतं: फाइलच्या नावातल्या या चुका टाळा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं स्टॉकचं सॉफ्टवेअर असो की नव्या पेठेतल्या दुकानाची चादरींची वेबसाइट, सोलापुरात ते बहुतेक विंडोजवर लिहिलं जातं आणि लिनक्स सर्व्हरवर चढतं. तिथं बिल्ड, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर तयार करण्याचं काम, आडवा होतो: ‘मॉड्यूल नॉट फाउंड’. पोरगं स्क्रीन पुढं करतं, ‘‘सर, फाइल हितंच आहे की!’’ आणि ती खरंच असते. फक्त फाइलच्या नावात ‘टॉवेल’चा टी कॅपिटल आहे आणि इम्पोर्टमध्ये, म्हणजे ती फाइल मागवणाऱ्या कोडच्या ओळीत, स्मॉल पडलाय.

डिस्कवर फाइली ठेवणाऱ्या फाइल सिस्टीमपैकी विंडोजचं एनटीएफएस आणि मॅकचं एपीएफएस नाव जसं दिलं तसं जपून ठेवतात, पण शोधताना कॅपिटल-स्मॉल बघत नाहीत. लिनक्सचं ईएक्सटी४ मात्र दोन्ही नावं वेगळीच धरतं. म्हणजे सर्व्हर बिघडलेला नसतो, लॅपटॉप आपली चूक खपवून घेत असतो. अशा वेळी नोड मॉड्यूल्स (प्रोजेक्टला लागणाऱ्या तयार कोडचं फोल्डर) उडवून पुन्हा इन्स्टॉल करत बसणं किंवा होस्टिंगवाल्याला फोन लावणं, दोन्ही वाया. कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटची ‘गिट एलएस-फाइल्स’ ही कमांड चालवा आणि गिटच्या यादीतलं नाव कोडमधल्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. एक्स्प्लोररमध्ये दिसतं त्यावर विसंबू नका, कारण गिटकडे जुनंच नाव असू शकतं.

खरी मेख इथंच आहे. चूक सापडली की लोक एक्स्प्लोररमध्येच फाइलचं नाव बदलतात. ‘गिट स्टेटस’ म्हणतं, काहीच बदललं नाही. कारण रेपो (गिटमधला प्रोजेक्ट) तयार होताना किंवा क्लोन होताना (त्याची प्रत उतरवताना) गिट फाइल सिस्टीमची चाचणी घेतं आणि विंडोजवर ‘कोअर डॉट इग्नोअरकेस’ ही सेटिंग ट्रू करून ठेवतं. त्यामुळं नुसता अक्षराचा फरक त्याच्या खिजगणतीत नसतो. पुश होतो, म्हणजे कोड सर्व्हरकडे जातो, आणि बिल्ड पुन्हा फुटतो. नाव ‘गिट एमव्ही’नेच बदला. फोल्डर असेल तर दोन टप्प्यांत: आधी भलतंच काहीतरी नाव, मग हवं ते, आणि शेवटी एकच कमिट (बदलांची नोंद).

नेटवर वाचून ती सेटिंग फॉल्स करणारेही भेटतात. करू नका. मग गिट जुनं नाव ठेवून नवंही सोबत घेतं आणि रेपोत एकाच फाइलच्या दोन प्रती बसतात. विंडोजवर क्लोन केल्यावर त्यातली एकच दिसते. असा गोंधळ लिनक्स मशीनवर किंवा डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमध्येच चालणाऱ्या लिनक्सच्या) स्वतःच्या होम फोल्डरमध्ये क्लोन करूनच निस्तरावा. लिनक्स कर्नलच्या (गाभ्याच्या) सोर्समध्येही नेटफिल्टर या नेटवर्कच्या भागात फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असलेल्या फाइलींच्या जोड्या आहेत, त्यामुळं साध्या मॅकवर तो धड चेकआउट होत नाही, म्हणजे सगळ्या फाइली उतरत नाहीत.

उलट्या दिशेनंही फटका बसतो. प्रोजेक्टमध्ये कॅपिटल अक्षरांतली ‘इन्स्टॉल’ नावाची सूचनांची फाइल असेल, तर मॅकवर ‘मेक इन्स्टॉल’ (मेक या बिल्डच्या साधनाची कमांड) ती फाइल म्हणजेच झालेलं काम असं धरतं, म्हणतं की सगळं अप टू डेट आहे, आणि गप्प बसतं. मेकफाइलमध्ये ते टार्गेट ‘फोनी’, म्हणजे फाइल नसलेलं नुसतं काम, म्हणून जाहीर करा. कॅपिटलमधली ‘व्हर्जन’ फाइल तर सी प्लस प्लस २० च्या ‘व्हर्जन’ हेडरच्या (कोडमध्ये जोडायच्या तयार फाइलच्या) जागी उचलली जाऊ शकते आणि मग एरर असे येतात की कंपायलरच बिघडला असं वाटावं.

देवनागरीत नावं देऊन ही कटकट टळेल असं वाटत असेल, तर ‘व्यापाऱ्यांचे दर’ ही फाइल बघा. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता. दिसायला दोन्ही सारखे, पण लिनक्सच्या लेखी दोन वेगळी नावं. कोडमधल्या फाइलींना इंग्रजीच नावं द्या, सगळी स्मॉल लिपीत. जावात मात्र पब्लिक क्लासचं नाव आणि फाइलचं नाव तंतोतंत जुळावंच लागतं, तिथं हा नियम लावू नका.

टाइपस्क्रिप्टवाल्यांचं काम सोपं आहे: ‘फोर्स कन्सिस्टंट केसिंग इन फाइलनेम्स’ ही नावांतला असा फरक पकडणारी सेटिंग २०२३ च्या ५.० आवृत्तीपासून आपोआप चालू असते, जुन्या प्रोजेक्टात स्वतः चालू करा. बाकीच्यांनी प्रत्येक पुशला बिल्ड लिनक्सवर चालेल अशी सोय करावी. लॅपटॉपवर डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या लिनक्स डब्यात चालवणारं साधन) वापरत असाल तर सोर्स इमेजमध्ये, म्हणजे त्या डब्याच्या साच्यात, कॉपी करून बिल्ड करा. मॅकचं फोल्डर नुसतं माउंट केलं (बाहेरून जोडलं), तर आत लिनक्स असूनही फाइलींची नावं मॅकच्याच नियमानं शोधली जातात.